शाळेतले कार्यक्रम आणि आपली वर्गणी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेपुढे उभे राहून बोलायची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि तेही आपल्या पेठेतल्या या महापालिकेच्या शाळेतच झालेले. पण शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून बसते, आणि शाळेतल्या कार्यक्रमांचा हिशोबही मंडळाने माझ्याकडेच दिला आहे. तेव्हा "या विषयावर तूच बोल" असे चिटणीसबाईंनी सांगितले. थोरामोठ्यांच्या भाषणासारखे माझे भाषण होणार नाही. चूल, वर्गणी आणि शाळा या तीन ठिकाणी जे पाहिले तेवढेच सांगेन.

गेली तीन वर्षे आपले मंडळ शाळेत कलावंत बोलावते आणि मुलांना कार्यक्रम दाखवते. पुढच्या वर्षी हा खर्च चालू ठेवायचा की नाही, हे आज सभेने ठरवायचे आहे. मागच्या सभेत या खर्चावर चार प्रश्न निघाले. विचारणाऱ्या भगिनींच्या मनात शाळेविषयी वाईट काही नव्हते, हे मला माहीत आहे. पैसा दहाजणींचा असला की प्रश्न विचारलेच पाहिजेत. मी ते त्याच दिवशी वहीत उतरवून घेतले. पहिला प्रश्न असा की, शाळेचे छप्पर गळते, बाके मोडली आहेत, मग गाण्याबजावण्यावर पैसा कशाला? दुसरा, मोबाईलवर सगळे फुकट दिसते, मग माणसे कशाला बोलवायची? तिसरा, दुसऱ्यांच्या कला दाखवायला आपली वर्गणी का? आणि चौथा, मुलांकडूनच पाच-दहा रुपये घेतले तर काय बिघडले? एकेक प्रश्न घेते. त्याआधी शाळेविषयी दोन शब्द सांगते, कारण पुष्कळजणींचे शाळेच्या फाटकाच्या आत जाणे होत नाही.

आपली शाळा मराठी माध्यमाची. पट २४० च्या घरात. पण मराठी ही काही त्या सगळ्या मुलांची घरची बोली नाही. मधल्या सुट्टीत पटांगणात उभे राहिले की कानावर तेलुगू येते, कन्नड येते, आपल्या मोहल्ल्यातली दखनी येते, बंजारा मुलांची गोरमाटी येते, वडारी आणि कैकाडीही येते. हे काही नवल नाही. आपले सोलापूरच असे आहे. हातमाग आणि गिरण्यांच्या मागोमाग तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे आली आणि इथलीच झाली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो त्यांचा, आणि बघायला रस्त्यावर आपण सगळेच असतो. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, तेव्हा जयजयकार मराठीतही होतो आणि कन्नडातही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी आपण रोज बस पकडतो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ज्यांना फाशी झाली, त्यांची नावे मुलांना पाठ आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही चार नावे एका दमात घेतली की आपले गाव काय आहे ते कळते. वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता पहिला प्रश्न, छपराचा. छप्पर गळते हे खरे आहे. पण छप्पर नीट ठेवणे हे महापालिकेचे काम आहे, आणि त्यासाठी व्यवस्थापन समितीतर्फे अर्ज गेलेले आहेत. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. त्याप्रमाणे समितीत निदान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. तेव्हा छपरासाठी ओरडणे हे आपल्यासारख्यांचेच काम आहे, आणि ते आपण सोडलेले नाही. शाळेला पटाप्रमाणे सरकारी अनुदानही असते. समग्र शिक्षा योजनेत २०१८ साली जे दर ठरले, त्यात १०० ते २५० पटाच्या शाळेला वर्षाचे ५० हजार रुपये धरले होते, आणि त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा होता. पन्नास हजार ऐकायला पुष्कळ वाटतात. पण विजेचे बिल, पाणी, खडू, फळ्याचा रंग, नळाची तोटी, दाराची कडी असे करत गेले की वर्ष संपण्याआधी ते संपतात. घर चालवणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. त्यातून कलावंताला द्यायला काय उरणार?

आपली सगळी वर्गणी छपरात घातली तरी एका खोलीचे पत्रेसुद्धा पुरे बदलून होणार नाहीत, आणि सरकार म्हणेल, "बरे झाले, बायकांनी केले." उलट कार्यक्रमाचा पैसा हा असा आहे की तो आपण घातला नाही तर दुसरे कोणी घालणार नाही. खाजगी शाळांत स्नेहसंमेलनाची फी असते, नाच शिकवायला बाहेरून माणूस येतो. आपल्या शाळेतल्या मुलांच्या आया विड्या वळतात, मागावर जातात, धुणीभांडी करतात. त्या फी कुठून देणार? म्हणून गरिबाच्या मुलाला फक्त छप्पर आणि खिचडी पुरे, असे आपण म्हणायचे काय? पोट भरल्यावर माणसाला गाणे लागते, आणि आपल्या आज्यांनी तर पोट भरायच्या आधी, पहाटे दळण दळतानाच गाणे म्हटले.

दुसरा प्रश्न मोबाईलचा. मोबाईलवर दिसते हे कबूल. माझ्या घरीही मुले त्याला चिकटलेली असतात. पण पहिल्या वर्षी आपण गोंधळी बोलावले होते, तो दिवस आठवून बघा. चार माणसे आली. संबळ, तुणतुणे, झांज, अंगात घोळदार अंगरखा, गळ्यात कवड्यांच्या माळा. ध्वनिक्षेपक लावला नव्हता. लहान मुले पुढे, मोठी मागे, अशी सगळी सतरंजीवर बसवली होती. संबळाचा पहिला ठोका पडला तेव्हा पहिलीतल्या मुलांनी छातीवर हात ठेवले, कारण तो आवाज छातीत वाजतो. मोबाईलच्या काचेतून तो येत नाही. खेळ झाल्यावर मुलांना विचारायला सांगितले. एका मुलाने विचारले, "एक ढोलके मोठे आणि एक लहान का?" गोंधळीबुवांनी दोन्ही वाजवून दाखवली. एकातून खर्जाचा आवाज, दुसऱ्यातून उंच. मग त्या मुलाला टिपरू हातात दिले. तुम्हीच सांगा, मोबाईलला प्रश्न विचारता येतो, पण टिपरू हातात मिळते का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत नाजूक, आणि मी तो टाळणार नाही. "त्यांच्या कलेला आपली वर्गणी का?" आता या मंडळातच बघा. इथे अक्का बसल्या आहेत, वहिनी बसल्या आहेत, आपा बसल्या आहेत. वर्गणीच्या वहीत सगळ्यांची नावे एकाच शाईने लिहिलेली आहेत. मग 'त्यांची' म्हणजे कोणाची? तरीही प्रश्न मनात येतो हे खरे, आणि त्याचे उत्तर मला वादाने मिळाले नाही. ते शाळेच्या पटांगणात मिळाले.

दुसऱ्या वर्षी आश्विनात आपल्या तेलुगू भगिनींनी शाळेत बतुकम्मा मांडली. कोणाला मानधन नाही, फक्त फुलांचा आणि चहाचा खर्च. परातीत फुलांचे थर रचत रचत मनोरा करायचा आणि त्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा. हळदीची गौरम्मा असते ती त्यांनी घरीच ठेवली, कारण शाळेत पूजा करायची नाही हे आधी ठरले होते. फुलांसाठी पोरे आदल्या दिवशी माळरानावर हिंडली. तिसरीत एक मुलगी आहे, घरी तेलुगू बोलणारी. वर्गात ती तोंड उघडत नसे. मुली तिला 'मुकी' म्हणत. त्या दिवशी बाईंनी पिवळे फूल हातात घेऊन विचारले, "हे तर तरवड. तुमच्यात काय म्हणतात?" सगळी गप्प. तेवढ्यात ही पोर म्हणाली, "तंगेडू." मग कुर्डूचा तुरा दाखवून आपणच म्हणाली, "हा गुनुगू." नंतर तासभर ती बाईंना फुलांची नावे सांगत होती आणि बाई फळ्यावर लिहून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी तिला पाढे आले, असे मी म्हणणार नाही. गाण्याने गणित येत नाही. पण तिला आता मुली नावाने हाक मारतात, आणि हाक मारली की ती ओ देते.

त्याच दिवशी आमच्या शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अगं, हा तर आपला हादगाच!" खरेच आहे. दिवस तेच, फेर तोच, टाळी तीच. आपण मध्ये हत्ती मांडतो, त्या फुले मांडतात. पुढच्या आठवड्यात त्याच पटांगणात हादगा झाला, आणि तेलुगू घरच्या मुली त्या फेरात होत्या. खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखली.

असेच ढोलाचे. मंगळवेढ्याच्या बाजूची धनगर मंडळी आली होती. तिकडे हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची मोठी यात्रा भरते, हे आपणांपैकी पुष्कळजणींना माहीत आहे. त्या मंडळींतल्या म्हाताऱ्या बुवांनी बिरोबाची ओवी आधी मराठीत म्हटली, मग तोच प्रसंग कन्नडात गायला. आपण धनगरी ढोल म्हणतो, पलीकडे डोळ्ळू म्हणतात. कन्नड बोलणारी मुले अर्थ सांगायला पुढे सरसावली, आणि मराठी मुलांनी त्यांना जागा करून दिली. एरवी पुढची जागा कोण कोणाला देतो?

आणि सर्वांत स्वस्त कार्यक्रम, ज्याला चहा आणि चिवड्यापलीकडे काही लागले नाही, तो जात्यावरच्या गाण्यांचा. आपल्यातल्याच चार आज्या बसवल्या. मराठी आजींनी ओव्या म्हटल्या. कन्नड आजींनी बीसोकल्लिन पद म्हटले. तेलुगू आजींनी तिरगलीचे गाणे म्हटले. तिरगली म्हणजे जातेच. मुसलमान आजींनी दखनीतला चक्कीनामा म्हटला. विजापूर आपल्यापासून लांब नाही. तिथल्या सूफी साधूंनी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बायकांनी दळताना म्हणावे म्हणून चक्कीनामे रचले, असे आपल्या शाळेच्या बाईंनी सांगितले. बाईंनी आणखी एक सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. आपण ज्याला 'म्हाताऱ्यांची बडबड' म्हणतो ते असे जपून ठेवण्यासारखे आहे. चौघी आज्यांनी मधोमध एकच जाते ठेवले होते आणि आळीपाळीने खुंटा धरत होत्या. भाषा चार, पण हात फिरवण्याची लय एक. पोरांनी नंतर जाते ओढून पाहिले आणि दमून गेली. आपली आजी रोज किती दळत होती हे त्यांना त्या दिवशी हाताने कळले.

तेव्हा माझे उत्तर एवढेच. आज दुसऱ्याच्या घरचे गाणे ऐकायला आपण पैसा घालतो, आणि उद्या आपल्या घरचे गाणे ऐकायला तो पैसा घालतो. यात उसनवारी आहे आणि ती फिटणारी आहे. शेजारणीकडे वाटी पाठवली की रिकामी परत येत नाही.

चौथा प्रश्न, मुलांकडून पैसे घेण्याचा. इथे मी जरा ठाम बोलणार आहे, मोठ्यांनी क्षमा करावी. एका शाळेत झालेली गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. शाळेचे नाव घेत नाही. जादूगार आणि बाहुल्यांचा खेळ होता. तिकीट दहा रुपये. ज्यांनी आणले ती मुले सभागृहात गेली. ज्यांनी आणले नाहीत ती वर्गात बसली, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक शिपाई. भिंतीपलीकडून ढोलकी आणि हसू ऐकू येत होते, आणि ही मुले वहीवर डोके ठेवून बसली होती. त्यांत तीन भावंडे एकाच घरची होती. तीन मुले म्हणजे तीस रुपये. विड्या वळणाऱ्या बाईने ते त्या दिवशी कुठून आणायचे? त्या मुलांना बाहुल्यांचा खेळ कधीच आठवणार नाही. आपण आत नव्हतो, एवढेच त्यांना जन्मभर आठवेल.

आठवीपर्यंतचे शिक्षण विनाशुल्क असावे आणि पैशापायी कोणा मुलाचे शिक्षण अडू नये, असे कायदा सांगतो. पण कायदा नसता तरी आपण हे केले नसते. लग्नघरी आलेल्या पोराला कोणी पानावरून उठवते का? म्हणून आपण पहिल्याच वर्षी नियम केला की मुलाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. त्याच नियमात दुसरी गोष्ट आली. आपले पुष्कळ लोककलावंत खेळाच्या शेवटी थाळी फिरवतात. ती त्यांची रीतच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण शाळेत थाळी फिरली की ज्याच्या मुठीत नाणे आहे ते मूल हात पुढे करते आणि बाकीची खाली बघतात. म्हणून आपण कलावंतांना आधीच विनंती करतो की थाळी फिरवू नका, त्याचे जे होईल ते आम्ही मानधनात धरतो. आजवर एकानेही नाही म्हटले नाही.

मानधनावरून आठवले. "शाळेचे काम आहे, पैसे कसले मागता?" असे कलावंताला म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. नळ दुरुस्त करणाऱ्याला आपण असे म्हणत नाही. विजेचा मिस्त्री आला तर चहा पाजून वर पैसे देतो. मग संबळ वाजवणाऱ्याचे पोट काय वाऱ्यावर भरते? एक दिवस आपल्याकडे आला म्हणजे त्या दिवसाची त्याची दुसरीकडची सुपारी गेली. म्हणून आपण तीन गोष्टी पाळतो. किती देणार ते आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचे. गाडीभाडे येण्यापूर्वी पाठवायचे. आणि उरलेली रक्कम खेळ झाल्यावर, जेवणाआधी, पाकिटात घालून हातात द्यायची. बाई कलावंत असल्या तर कपडे बदलायला एक खोली, कडी लागणारी, आणि स्वच्छ मोरी. या गोष्टी बारीक वाटतात, पण कलावंत पुन्हा येतो तो यांच्यामुळे.

आता पैशाचा हिशोब. आपल्या शाळेचे वर्षाला चार कार्यक्रम होतात. त्यांतले दोन बाहेरच्या कलावंतांचे आणि दोन आपल्यातल्याच बायकांचे. बाहेरच्या कार्यक्रमाला मानधन, गाडीभाडे, जेवण आणि सतरंज्या मिळून सहा हजारांच्या आसपास लागतात, म्हणजे दोहोंचे १२ हजार. आपल्या दोन कार्यक्रमांना चहापाण्यापुरते काय ते. २४० मुलांवर १२ हजार वाटले तर एका मुलामागे वर्षाला ५० रुपये पडतात.

हे पैसे येतात कसे? आपण ६० सभासद आहोत. महिन्याला १० रुपये वेगळे काढले की वर्षाचे ७,२०० होतात. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते असे. उरलेले गड्ड्याच्या यात्रेतल्या आपल्या स्टॉलवरून येतात. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांना सोलापुरात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. बाहेरगावची माणसे तर पिशव्या भरून नेतात. ज्वारी आणि शेंगदाणे आपण एकदम घेतो म्हणून परवडते. चटणी कुटायला आठजणी एकत्र बसतात म्हणून मजुरी पडत नाही. यात कोणा एकीवर भार पडू नये म्हणून पाळ्या लावल्या आहेत. ज्या भगिनींना वर्गणी जड जाते त्या कुटायला येतात, आणि त्यांचे नाव वर्गणीच्याच वहीत लिहिले जाते.

देणगीदारांविषयीही एक नियम आहे, तो पुढेही ठेवावा अशी माझी विनंती आहे. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली होती, पण त्यांना मुलांच्या मागे आपल्या नावाचा मोठा फलक हवा होता आणि अर्धा तास भाषण करायचे होते. आपण नम्रपणे नको म्हटले. चाळीस मिनिटांचा कार्यक्रम, त्यात अर्धा तास भाषण झाले तर ढोल कधी वाजणार? ज्यांना द्यायचे त्यांनी समितीच्या बँकखात्यात द्यावे, पावती घ्यावी, आणि त्यांचे नाव फाटकाजवळच्या फळ्यावर हिशोबात लिहिले जाईल. दहा रुपयेवाल्याचेही आणि हजारवाल्याचेही, सारख्याच अक्षरांत.

बाहेरूनही मदत मिळू शकते. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ साली 'स्पिक मॅके' ही संस्था सुरू केली. मोठमोठ्या कलावंतांना शाळा-महाविद्यालयांत नेण्याचे काम तिचे स्वयंसेवक करतात. त्यांना आपण पत्र लिहावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही असे म्हटले आहे की गावातल्या जाणत्या कलाकारांना शाळेत शिकवायला बोलवावे. धोरणात लिहिले म्हणून पैसे लगेच येतात असे नाही, परंतु समितीच्या अर्जात ते वाक्य घालता येते, आणि अर्जाला थोडे वजन येते.

आता पुढच्या वर्षाविषयी माझ्या मनात काय आहे ते सांगते. गोरमाटी बोलणाऱ्या मुलांच्या घरचे गाणे शाळेत अजून झालेले नाही. वडारी आणि कैकाडी घरांकडेही आपण अजून गेलेलो नाही. ती मुले तीन वर्षे सतरंजीवर बसून दुसऱ्यांचे ऐकत आहेत. त्यांची पाळी यायला हवी, आणि ती पहिली यायला हवी. लेंगी आणि बंजारा बायकांचा नाच आपल्या पटांगणात व्हावा, आणि त्या वस्तीतल्या बायकांना आपणच जाऊन बोलवावे. त्यांनी मंडळात यावे असेही मला वाटते.

दुसरी इच्छा थोडी महागडी आहे. कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर लोक कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी दाखवतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कोकणातून बाहुल्यांची पेटी घेऊन चार-पाच माणसे सोलापूरपर्यंत आणायची म्हणजे गाडीभाड्यालाच मोठी रक्कम पडेल. एका शाळेला हे झेपणार नाही. परंतु जवळपासच्या तीन शाळांनी मिळून, तीन दिवसांत तीन खेळ ठेवले, तर एका शाळेवर भाड्याचा तिसरा हिस्सा येईल, आणि कलावंतांनाही एवढ्या लांब येणे परवडेल. त्या शाळांच्या समित्यांतल्या बायकांशी बोलायला मी तयार आहे. माझ्याबरोबर दोघी हव्यात.

तेव्हा सभेपुढे माझा ठराव असा. महिन्याला १० रुपयांची वर्गणी आणखी एक वर्ष चालू ठेवावी. मुलांकडून काही घेऊ नये. कलावंताला ठरलेले मानधन पुरे द्यावे. शाळेत पूजाअर्चा आणि थाळी नको, बाकी कोणाच्याही घरची कला चालेल. आणि दर वर्षी निदान एक कार्यक्रम अशा घरचा व्हावा, ज्या घरचे गाणे शाळेने अजून ऐकलेले नाही.

ज्या भगिनींना हे पटत नसेल त्यांनी मोकळ्या मनाने बोलावे. मत देण्याआधी एक मात्र करावे. येत्या शनिवारी सकाळी शाळेत मुलेच आपापल्या घरची गाणी म्हणणार आहेत. नऊ वाजता सुरू होईल. मागच्या बाजूला बायकांसाठी सतरंजी घातलेली असेल. अर्धा तास येऊन बसावे, आणि मग वर्गणीचे काय करायचे ते सांगावे.

माझे बोलणे लांबले.  वर्गणीची वही आजही माझ्या पिशवीत आहे. चहाच्या वेळी ज्यांना द्यायची असेल त्यांनी द्यावी, आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.